सासूबाईंच्या भुवया

आमच्या सासूबाईंना भुवया नाहीत, हे घरात फक्त मला माहीत होतं. त्यांच्या पोटच्या दोन मुलांनाही नाही. म्हणजे माझा नवरा आणि माझा दीर, दोघेही इतकी वर्षं आईच्या समोर बसून जेवले, तिच्याशी भांडले, तिच्याकडून पैसे उकळले, आणि त्यांना वाटत होतं की आईच्या त्या काळ्याभोर कमानी जन्मापासूनच्या आहेत. पुरुषांचं लक्ष कुठे असतं, देव जाणे.

त्या भुवया रोज सकाळी मी काढायचे. पेन्सिलने.

थायरॉइडच्या दुखण्यात त्यांचे भुवयांचे केस गळाले ते गळालेच. सुरुवातीला त्या स्वतःच काढायच्या. पुढे नजर अधू झाली आणि पंचाईत अशी झाली की चष्मा लावला तर फ्रेम मध्ये येते, पेन्सिल भुवईपर्यंत पोहोचत नाही, आणि चष्मा काढला तर आरशातलं तोंडच दिसत नाही. मी लग्न होऊन आले त्याच वर्षातली गोष्ट. एका सकाळी मला मागच्या खोलीत बोलावलं, कडी लावली, पेन्सिल हातात दिली आणि म्हणाल्या, "तुझा हात स्थिर आहे. बोलायचं मात्र कुठे नाही." मी नाही बोलले. नवऱ्यालाही नाही सांगितलं, आणि मी काही फार पोटात ठेवणारी बाई नाही, कुणालाही विचारा.

खिडकीपाशी स्टूल, त्यावर त्या डोळे मिटून बसलेल्या, आणि माझ्या डाव्या हातात त्यांची हनुवटी. त्यांचा डावा डोळा किंचित खाली झुकलेला आहे, म्हणून डावी भुवई मी केसभर वर घ्यायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्या वेळात त्या जे बोलायच्या ते दिवसभरात कधी बोलायच्या नाहीत. सासरे कसे गेले, शेवटी काय म्हणाले, कोणत्या दिराने तोंड फिरवलं, सगळं मी त्या स्टुलाशेजारी उभी राहून ऐकलं. भुवया झाल्या की डोळे उघडायचे आणि पुन्हा सासूबाई: "दूध उतू जाईल, बघ जरा."

बाहेर त्यांना सगळे चष्मेबाई म्हणतात. चष्म्याचं दुकान सासऱ्यांनी काढलेलं. ते गेले तेव्हा मुलं शाळेत होती. दुकानातले दोघे कारागीर महिन्याच्या आत दुसरीकडे गेले, बाई काय चालवणार म्हणून. बाईंनी चालवलं. गरम हवेवर चष्म्याची काडी कशी वाकवायची, कुणाचा उजवा कान डाव्यापेक्षा वर असतो तेव्हा काय करायचं, सगळं त्या चटके खात शिकल्या. हाताला अजून डाग आहेत. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघण्याआधी तुमच्या तोंडाकडे बघतं. तुमचं तोंड अर्धवट तर तुमच्या हातचा चष्मा कोण घेईल? फ्रेमची वरची कड भुवईच्या जरा खाली यायला हवी, हे त्या स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून गिऱ्हाइकाला समजावून सांगायच्या. माझ्या भुवईवर, म्हणजे. मला दुकानात उभं राहून ते बघायला फार आवडायचं.

आणि मग दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली.

धाकटी जाऊ दिसायला छान, हॉटेलात रिसेप्शनला नोकरी, सदा हसतमुख. तिच्या ओठांचा रंगसुद्धा कायमचा करून घेतलेला. झोपेतून उठली तरी लिपस्टिक लावल्यासारखी. तिच्यात खोड काढायची म्हटली तर मेहनत करावी लागते, आणि मी मेहनत करायला तयार होते. घरात येऊन पुरता महिना नाही झाला तोच एकदा जेवताना ती सासूबाईंकडे निरखून बघत म्हणाली, "आई, भुवया पेन्सिलने काढता ना? किती सुरेख काढता."

माझा घास हातातच राहिला. आमच्या ह्यांनी मान वर केली. "काय? आईच्या भुवया खोट्या आहेत?"

म्हटलं, आता हिची धडगत नाही. सासूबाई ताट सारून उठणार, आठ दिवस अबोला धरणार. कसलं काय. त्या हसल्या. चक्क हसल्या, लाजल्यासारख्या, आणि म्हणाल्या, "तुला बरं कळलं ग." मी इतकी वर्षं कडी लावून जे सांभाळलं होतं ते हिने आमटीच्या वाटीबरोबर मांडलं आणि वर शाबासकी मिळवली. मी काढते, असं मात्र सासूबाई म्हणाल्या नाहीत. भुवया 'सुरेख काढण्याचं' श्रेय त्यांनी स्वतःकडे ठेवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढचं ओळखा. धाकटीने जिच्याकडून ओठ करून घेतले होते तीच बाई भुवयाही करायची. सुईने कातडीत वरवर रंग भरायचा, की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. फोटो दाखवून झाले. एका दुपारी दोघी त्या बाईकडे जाऊनही आल्या. मला कुणी विचारलं नाही. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तर दोघी हसत हसत जिना चढताना दिसल्या. सासूबाईंनी धाकटीचा हात धरला होता. माझा हात त्यांनी कधी धरला नव्हता, मीच त्यांची हनुवटी धरायचे.

तारीख ठरली. माझ्यावर मरायची वेळ आली.

आता मी काय केलं ते सांगते. मी रोज जेवणाच्या वेळी एक खडा टाकायला लागले. सुई कुणाची असते, उकळतात का? कुणाकुणाला रंगाची खाज सुटून तोंड सुजतं म्हणे. एका बाईच्या भुवया हिरव्या पडल्या. दुसऱ्या दिवशी निळ्या पडल्या म्हणाले, कारण आदल्या दिवशी काय सांगितलं ते विसरले होते. यातलं निम्मं ऐकीव, निम्मं माझ्या डोक्यातलं. दीर ताटावर हसायचा. आमचे हे खोलीत आल्यावर म्हणाले, "तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही." दुखतच होतं. मी कुठे नाही म्हणतेय?

सासूबाई सकाळी स्टुलावर बसायच्या, पण बोलणं बंद झालं होतं. डोळे मिटून नुसत्या बसायच्या. पेन्सिलीचा तुकडा कमी होत चालला होता आणि नवीन आणू का असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कशाला?"

अशातच एक दिवस धाकटी ओट्याशी उभी राहून मोठ्या कौतुकाने म्हणाली, "ताई, आईंची कमाल आहे. ती रक्त पातळ करायची गोळी त्यांनी आठवडाभर आधीच बंद केली. मी व्हिडिओत बघितलं होतं, त्या गोळीने रंग धरत नाही, रक्त येतं. त्यांना नुसतं सांगितलं, तर लगेच."

मी गॅस बंद केला.

गोळीचं प्रकरण धाकटी घरात येण्याआधीचं. दुकानात दिवसदिवस उभं राहून सासूबाईंची पोटरी सुजली होती, लाल, गरम. त्या म्हणाल्या वात आहे. मी हट्टाने डॉक्टरकडे नेलं, तर शिरेत गुठळी निघाली. ती गुठळी सुटून वर फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती गोळी. चुकवायची नाही, मनाने कमी करायची नाही, मनाने बंद तर नाहीच नाही. हे डॉक्टरांनी बजावलं तेव्हा समोर मी होते आणि त्या होत्या. धाकटी तेव्हा कुठे होती?

रात्रीच्या जेवणाला मी सगळं सांगितलं. गोळी बंद करायची नसते, गुठळी परत होऊ शकते, उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचारा. आवाज चढला असेल माझा. दिराने भावाकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनींचं आजचं." आमचे हे खाली बघून हसले. सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "भुवया हिरव्या पडतात, निळ्या पडतात, आता जीव जातो. उद्या काय आहे?"

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. खोटं बोलत होते तेव्हा निदान सगळे ऐकून तरी घेत होते. आणि वाईट म्हणजे त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. त्या भुवया होऊ नयेत असंच मला वाटत होतं. पण ती गोळीही खरी होती. एकाच तोंडातून दोन्ही निघतंय तर माणसांनी निवडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी मी धाकटीच्या फोनमधून त्या भुवयांच्या बाईचा नंबर घेतला. भांडायचंच ठरवून फोन लावला. म्हटलं, म्हाताऱ्या माणसांना गोळ्या बंद करायला लावता, लाज नाही वाटत? पलीकडून बाई शांतपणे म्हणाली, "कोणती गोळी? मी पहिल्या भेटीतच विचारलं होतं, औषधं काय चालू आहेत. तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, थायरॉइडची एक, बाकी काही नाही."

म्हटलं, रक्त पातळ करायची.

"रक्त पातळ करायची गोळी असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मी सुई उघडत नाही," ती म्हणाली. "आणि गोळी थांबवा असं तर मी कुणालाच सांगत नाही. ते डॉक्टरांनी ठरवायचं. मी आत्ता त्यांची तारीख रद्द करते. आज त्यांना आधी डॉक्टरकडे घेऊन जा."

ती बाई निष्काळजी निघाली असती तर मला किती बरं वाटलं असतं. शहाणी निघाली. तिचाही राग आला मला.

तारीख रद्द झाल्याचा निरोप सासूबाईंना धाकटीकडून कळला आणि मागच्या खोलीची कडी लागली. आतून. मी सकाळी दार वाजवलं तर उत्तर नाही. थोड्या वेळाने बाहेर आल्या त्या भुवया स्वतःच काढून. उजवी बरी होती. डावी कपाळाच्या पार मध्यावर गेली होती. माझ्याकडे न बघता चपला घालून दुकानात गेल्या. आमचे हे चहा पीत होते. म्हणाले, "आईला कसलं एवढं आश्चर्य वाटतंय?"

मी घरातलं काम तसंच टाकलं, पेन्सिल पर्समध्ये घातली आणि दुकानात गेले. बघते तर सासूबाई काउंटरमागे काळा गॉगल लावून उभ्या. दुकानातलाच, किमतीची चिठ्ठी अजून काडीला लटकलेली. समोर एक गृहस्थ जवळचं वाचायचा चष्मा घालून बघत होते आणि अधूनमधून त्यांच्याकडे संशयाने पाहत होते. ते "विचार करून येतो" म्हणून गेले. विचार करून कुणी परत येत नाही, हे सासूबाईंनीच मला सांगितलेलं.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "आनंद झाला असेल."

"झाला," मी म्हटलं. "तारीख रद्द झाली तेव्हा झाला. खोटं कशाला बोलू? तुम्ही हिच्याबरोबर जाता, हिचा हात धरता, मला विचारत नाही, याचा मला राग येतो. मला त्या भुवया नकोच आहेत. पण गोळीचं मी रागाने बोलत नाहीये आई."

"आणि हे दोन वेगळं मी कसं ओळखायचं?"

रस्त्यावरून टेम्पो गेला, काचेची कपाटं थरथरली. मग मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टरांवर ठेवा. ते म्हणाले भुवया करा, तर मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन. धाकटी नाही, मी."

त्या बराच वेळ चष्म्याची एक काडी उघडमीट करत राहिल्या. शेवटी गॉगल काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी ही ध्यानं नीट कर." डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत, भिंतीवरच्या त्या लहान-मोठ्या अक्षरांसमोर बसवून मी त्यांच्या भुवया पुसल्या आणि पुन्हा काढल्या.

त्याच दुपारी दुकान बंद करून आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली, तपासणीला पाठवलं, आणि सासूबाईंना असं झापलं की मलाच कानकोंडं झालं. नशीब, नवीन गुठळी नव्हती. गोळी कशी सुरू करायची ते त्यांनीच ठरवून दिलं. मग मी विचारलं, आणि विचारताना जीभ जड झाली, की भुवया करता येतील का? मनातून मी त्यांच्या नकाराची वाट बघत होते. ते म्हणाले, "गोळी चालू ठेवूनच. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला की मी चिठ्ठी देतो. काम वरवरचं आहे, पण करणाऱ्या बाईला सगळं माहीत हवं." झालं. माझ्याच पायांनी मी होकार घेऊन आले.

एकदा पत्करलं म्हटल्यावर मी तयारी हातात घेतली ती अशी, की घरात कुणाची बोलायची टाप नव्हती. भुवयांच्या बाईने सांगितलं ते मी शब्दाला शब्द पाळलं. धाकटीने सासूबाईंना सुरकुत्यांसाठी एक भारी क्रीम दिलं होतं, त्याने कातडी पातळ पडते, ते लावायचं नाही. ते क्रीम उचलून वरच्या फळीवर ठेवताना मला जे समाधान मिळालं ते काय सांगू. गुडघ्यासाठी त्या मनानेच दुखण्याची गोळी घ्यायच्या, ती त्या रक्ताच्या गोळीबरोबर चालतच नाही, हे डॉक्टरांकडून कळलं, तीही बंद. उन्हात जाताना छत्री. उरलेसुरले केस उपटायचे नाहीत, दोरा फिरवायचा नाही. कानामागे रंगाचा आणि बधिर करायच्या मलमाचा एकेक ठिपका लावून घेतला आणि खाज येते का, पुरळ उठतं का, ते मी रोज कान वळवून बघायचे. काही उठलं नाही. मी फार बारकाईने बघितलं, तरी नाही उठलं.

धाकटी एकदा स्वयंपाकघरात येऊन रडली. "ताई, मला खरंच माहीत नव्हतं हो. साधी गोळी वाटली." मी तिला पाणी दिलं. राग पूर्ण गेला असं नाही, पण रडताना तिचं नाक लाल होतं हे बघून जरा बरं वाटलं.

रिपोर्ट यायचा होता तेवढ्यात माझ्या माहेरून फोन आला. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, मनगट मोडलं. घरी ती एकटीच. मी निघाले. जाताना सासूबाई दारापर्यंत आल्या, आईला जप म्हणाल्या, आणि आत वळल्या. आईचं प्लास्टर, तिची वेणी, तिला भरवणं यात दिवस गेले. एरवी मी चार दिवसांत परत यायचे, यावेळी शेजारची बाई कामाला लावून मगच हलले.

घरी आले तर धाकटीने दारातच सांगितलं, "ताई, आई तुम्ही गेल्यापासून दुकानात गेल्याच नाहीत. मी म्हटलं मी काढून देते भुवया, तर म्हणाल्या राहू दे. खोलीतच बसून होत्या."

"अगंबाई, असं का केलं त्यांनी?" मी तोंड लांब करून म्हटलं. आतून मला गुदगुल्या होत होत्या. एवढी माणसं घरात असून त्यांचं माझ्यावाचून अडलं होतं.

ठरलेल्या दिवशी चेहऱ्याला काहीही न लावता या, असं बाईने सांगितलं होतं. म्हणजे भुवयाही नाहीत. सासूबाईंनी ओढणी कपाळापर्यंत ओढली, गॉगल घातला आणि घरातून निघाल्या. धाकटीही आली. भरपेट खाऊन, चहा-कॉफी न घेता, गोळीची वेळ न चुकवता, चिठ्ठी घेऊन. खोली लहानशी, पांढरी, औषधाच्या वासाची. बाई म्हणाली, "सोबत एकीलाच आत येता येईल."

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. धाकटी बाहेरच्या बाकावर बसली. आत जाताना मी वळून तिच्याकडे बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

बाईने पुन्हा सगळं विचारलं, यावेळी सासूबाईंनाच. हात धुतले, हातमोजे घातले, सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं. मग दोरा धरून, मोजून, पेन्सिलने आकार काढला. दोन्ही बाजू अगदी सारख्या. आरसा पुढे केला तर सासूबाई म्हणाल्या, "मला काय दिसतंय? तिला विचारा." मी पाहिलं. म्हटलं, "डावी केसभर वर घ्या. डोळा झुकलेला आहे." बाईने माझ्याकडे पाहिलं, पुसलं, वर घेतली. मागे सरून बघितलं आणि मान हलवली.

मग बधिर करायचं मलम लावलं, वर पातळ प्लास्टिक चिकटवलं आणि ते मुरेपर्यंत बाई सामान मांडायला पलीकडे गेली. सासूबाई उताण्या, डोळे मिटून. मी शेजारी स्टुलावर. सकाळच्या वेळी लागायचा तसा त्यांचा आवाज लागला.

"मी हे का करून घेतेय, तू एकदाही विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"धाकटीने फोटो दाखवले म्हणून."

"तिने फोटो दाखवले. पण मनात आधीपासून होतं." त्या थांबल्या. "तू आईकडे गेलीस की मला तुझ्या आईचा राग येतो. आजचं नाही, पहिल्यापासून. तू तिकडे गेलीस की मी खोलीत बसून हिशेब करते, आज तिथे काय चाललं असेल, तू तिची वेणी घालत असशील. परवा फोन आला, त्यांचा हात मोडला, तर मला आधी वाईट नाही वाटलं. आधी हेवा वाटला. हात मोडलेल्या बाईचा. या वयात मला लाज वाटली ग. म्हटलं, हे सगळं या भुवयांपायी. माझं तुझ्यावाचून अडतं म्हणून. अडायचं थांबलं की हेही जाईल."

त्यांना लाज वाटत होती आणि मला इतका आनंद होत होता, की मला स्टुलावर नीट बसता येईना. जन्मभर मी दुसऱ्यांवर जळत आले. बहिणीवर, मैत्रिणींवर, धाकटीवर. माझ्यापायी कुणी जळतं, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वाटलं म्हणावं, आई, चला घरी, राहू द्या हे.

बाई परत आली, प्लास्टिक काढलं. "आता बोलायचं नाही हं, कपाळ हलवायचं नाही." यंत्राची बारीक घरघर सुरू झाली. रक्त जवळजवळ आलंच नाही. बाई सारखं टिपत होती, थांबत होती, मला विचारत होती. मी सांगत होते. माझ्याच तोंडाने मी त्या भुवया पुऱ्या करून घेतल्या.

झाल्यावर सासूबाईंना बसवलं, चष्मा हातात दिला. तो लावून त्यांनी आरसा जवळ घेतला. पेन्सिलीने न काढलेल्या भुवया त्यांनी स्वतःच्या तोंडावर किती वर्षांनी बघितल्या असतील. एकदा उजवी बघितली, एकदा डावी. चेहरा उजळला. मग माझ्याकडे वळल्या आणि अगदी मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "बघ, आता तू आईकडे महिनाभर राहिलीस तरी माझं काही अडत नाही."

त्या मला मोकळं करत होत्या, कळत होतं मला. मी हसले, छान झाल्या म्हटलं. खरंच छान झाल्या होत्या. धाकटी आत आली, टाळ्या वाजवून त्यांच्याभोवती नाचली, आणि मला तिचं काहीच वाटलं नाही. मी त्या दोन काळ्या रेघांकडे बघत होते. सकाळ असो, संध्याकाळ असो, मी घरात असो नसो, त्या तिथेच राहणार होत्या, आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी नजर वळवली.